माईन ओळखायची ती दिसण्यावरून, नावावरून नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कितीतरी घरातली पोरं मिलिटरीत आहेत, मराठा सेंटर तर आपल्या गावातच, त्यामुळं २००१-०२ ला ऑपरेशन पराक्रमात, म्हणजे सैन्य पाकिस्तान सीमेवर नेऊन उभं केलं तेव्हा, वेस्टर्न बॉर्डरवर माईन्स (जमिनीत पुरायचे सुरुंग) पेरल्या आणि मग काढत बसावं लागलं हे इथं बऱ्याच जणांना ऐकून तरी माहीत असतंय. पण जमिनीत घावलेली वस्तू नेमकी कुठली माईन आहे हे कळतं कसं?

त्यासाठी सर्च करायचे डेटाबेस असतात. अमेरिकेतल्या जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीनं उभा केलेला 'कॉर्ड' त्यातलाच. ज्याला माईन घावली त्याला तिचं नाव माहीत नसतंय, म्हणून आकार, व्यास, रंग, प्लॅस्टिक का धातू, वर कुठली अक्षरं, असं दिसतंय ते टाकत जायचं, यादी कमी होत जाते.

आता चिनी टाईप ७२ घ्या. हिरवी, प्लॅस्टिकची, बूट पॉलिशच्या डबीएवढी. तिचे ए आणि बी असे प्रकार आहेत. त्यातली ए दाबली की फुटते. बी मात्र नुसती हलवली, तिरकी केली तरी फुटते, कारण आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे, आणि बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्याच! डेटाबेसमध्ये फक्त 'टाईप ७२' लिहून फोटो टाकला आणि हा फरक राहिला तर वाचणारा ती ए समजून हात लावायचा. माझं स्पष्ट मत आहे, असली अर्धी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट, आणि शंका असली की ती बीच धरायची हे तिथंच ठळक लिहिलेलं पाहिजे.

म्हणून डेटाबेस अपडेट करणं म्हणजे नुसत्या नवीन माईन्स घालत जाणं नव्हे. फोटो असतात फॅक्टरीतून निघालेल्या कोऱ्या मालाचे, आणि शेतात वीस पावसाळे काढलेल्या माईनचा रंग उडालेला, अक्षरं गेलेली, तसले फोटो पण पाहिजेत. एकाच डिझाईनची नावं पण वेगवेगळी, रशियाची काळ्या रबरी झाकणाची पीएमएन चीननं टाईप ५८ म्हणून काढली, मग दोन्ही नोंदी एकमेकीला जोडायला नकोत काय?

आणि धातू किती ते लिहायलाच हवं. माईन्स वापरण्यावर मर्यादा घालणाऱ्या १९९६ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉलप्रमाणं (करारातल्या नियमांप्रमाणं) माणसांविरुद्धच्या माईनमधून डिटेक्टरला निदान ८ ग्रॅम लोखंडाएवढा सिग्नल मिळाला पाहिजे, भारतानंही तो मान्य केलाय. पण जुन्या टाईप ७२ मध्ये धातू इतका कमी की साधा डिटेक्टर तिच्यावरून गप जाऊ शकतो. डिटेक्टर वाजला नाही म्हणून माणूस पाय पुढं टाकणार, त्याच्याआधी हे त्याच्या स्क्रीनवर आलेलं पाहिजे.