थिएटरातली ती ‘आग’

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा वाद रंगला की कुणीतरी ठोकून देतंच, ‘भरल्या थिएटरात आग आग ओरडता येत नाही, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचाच निकाल आहे.’ असा निकाल नाही. हे वाक्य ज्यातून आलं त्या १९१९च्या शेंक खटल्यात ना थिएटर होतं ना आग. होती सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्धची पत्रकं. न्यायमूर्ती होम्स यांनी ओघात उदाहरण दिलं, तेही ‘खोटंच’ ओरडण्याचं (हा शब्द सगळे सोयीस्करपणे गाळतात), आणि पत्रकवाल्यांची शिक्षा एकमताने कायम झाली. गंमत म्हणजे त्याच वर्षी नोव्हेंबरात अब्राम्स खटल्यात, पुन्हा पत्रकांवरूनच, होम्स यांनी न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्यासह भिन्नमत लिहिलं: तिटकारा वाटणाऱ्या मतांनाही वाव हवा. तेव्हा ७ विरुद्ध २ने ते हरले. १९६९च्या ब्रँडेनबर्ग निकालाने मात्र कसोटीच बदलली: तत्काळ बेकायदा कृत्याची चिथावणी आणि ते घडण्याची शक्यता, दोन्ही असतील तरच शिक्षा.