ल्युसिड ड्रीम आणि स्लीप पॅरालिसिस, गल्लत कुठे होते

"काल मला ल्युसिड ड्रीम पडलं, पूर्ण जाग होती पण हातपाय हलतच नव्हते" असं कोणी सांगितलं की समजायचं, याला स्लीप पॅरालिसिस झालेलं, म्हणजे जाग आली पण शरीर हललं नाही. ल्युसिड ड्रीम म्हणजे स्वप्नातच हे स्वप्न आहे असं कळणं. गल्लत होणं साहजिक आहे म्हणा, कारण दोन्हीचा कारखाना एकच, रेम झोप. १९५३ मध्ये ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी या झोपेबद्दल लिहिलं, यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात, ठळक स्वप्नं बहुतेक इथेच पडतात आणि स्वप्नातली पळापळ आपण खरोखर करू नये म्हणून मेंदू हातापायांचे स्नायू ढिले सोडून देतो. डोळे आणि छाती-पोटामधला श्वासाचा पडदा तेवढे चालू राहतात.

आता या झोपेत मधेच भान आलं तर ते कुठे आलं यावर सगळं ठरतं.

स्वप्नाच्या आत आलं तर ल्युसिड ड्रीम. आजूबाजूला स्वप्नच चालू असतं, पण तुम्हाला कळतं की अरे हे तर स्वप्न आहे, आणि त्यातलं शरीर मस्त हलतं, जमलं तर उडतं पण. अंथरुणावरचं खरं शरीर लुळं पडलेलं असतं पण त्याचा पत्ताच नसतो. लोकांना हे थापा वाटायचं, मग १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी डोळे चालू असतात याचाच फायदा घेतला, झोपणाऱ्याशी आधीच ठरवलं की भान आलं की डोळे डावीकडे-उजवीकडे फिरव, आणि त्याने रेम झोपेत असतानाच तो इशारा दिला. २०२१ च्या एका प्रयोगात तर झोपलेल्या माणसाला आठातून सहा वजा करायला सांगितलं आणि त्याने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं! मला अजूनही हे वाचून भारी वाटतं.

पॅरालिसिसमध्ये उलटं होतं, भान येतं ते थेट खोलीत. डोळे उघडे, पंखा दिसतोय, भिंत दिसतेय, फक्त स्नायूंवरचा तो ब्रेक अजून सुटलेला नाही आणि स्वप्नाचे तुकडे खऱ्या खोलीत सांडतात, म्हणून दारात कोणीतरी उभं दिसतं किंवा पावलं ऐकू येतात. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं त्यात भुताचा संबंध नाही. बरगड्यांमधले स्नायू ढिले असतात, पडदा आपल्या लयीत श्वास घेत असतो, तुम्ही घाबरून मुद्दाम खोल श्वास ओढायला जाता, तो ओढला जात नाही आणि मग अजून घाबरता. गुदमरत मात्र नाही कोणी, काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सुटतं. जोर लावण्यापेक्षा फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा असं बरेच जण सांगतात, माझं पण त्यानेच सुटतं.

भीतीवरून फरक करू नका, भान असलेलं स्वप्न पण भीतीदायक असू शकतं. सकाळी एवढंच आठवा की मी होतो कुठे, आणि हलता येत होतं का. स्वतःच्याच खोलीत हिंडत होतात तर बहुधा स्वप्न, कारण पॅरालिसिसमध्ये हिंडता येत नाही (शरीरातून बाहेर तरंगल्यासारखं वाटतं काहींना, ती वेगळी भानगड).

गंमत म्हणजे एकाच्या मागे लागलं की दुसरं हाती लागतं. ल्युसिड ड्रीमसाठी लोक पाचेक तासांनी गजर लावून उठतात आणि पुन्हा झोपतात, म्हणजे झोप स्वतःच मोडतात, आणि अपुरी, तुटक झोप अन् उताणं झोपणं हे पॅरालिसिसला आमंत्रणच. मला ल्युसिड फक्त दोनदा पडलं, ते पण लगेच संपलं कारण आनंदाच्या भरात जागच आली. पॅरालिसिस किती वेळा झालं ते मोजणं सोडलंय.

कधीतरी झालं तर ठीक आहे. पण वारंवार होत असेल आणि सोबत दिवसा अनावर झोप येत असेल, किंवा जोरात हसल्यावर गुडघे एकदम लुळे पडत असतील, तर ते नार्कोलेप्सी (झोप-जागेचं नियंत्रण बिघडण्याचा आजार) असू शकतं, झोपेच्या डॉक्टरला दाखवा.