वाहनाची उंची वाढवण्याचा प्रश्न : कलम 52 आणि ‘मूळ वैशिष्ट्य’

वाहनाची उंची वाढवता येते का, या प्रश्नाचे भारतातील उत्तर 2000 साली बदलले. त्याआधी, 1939 च्या मोटार वाहन कायद्यात आणि 1988 च्या कायद्याच्या मूळ मजकुरातही, फेरफाराची तरतूद परवानगीच्या तत्त्वावर उभी होती. मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे आणि त्याची मंजुरी घ्यावी, एवढीच अपेक्षा होती. 1988 च्या मूळ कलम 52 नुसार तर सात दिवसांत उत्तर आले नाही, की मंजुरी मिळाल्याचे मानले जाई. जोडसाहित्य बसवल्याने किंवा काढल्याने रिकाम्या वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडत असेल, तर मंजुरीचीही गरज नसे.

ऑगस्ट 2000 मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने या कलमाचा रोखच पालटला. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा कोणताही फेरफार मालकाने करू नये, अशी थेट मनाई आली. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनावर वाहन चालवण्यासाठीचे बदल अपवाद म्हणून ठेवले गेले, मात्र सस्पेन्शनचा, म्हणजे बॉडी चाकांवर पेलून धरणाऱ्या आणि तिची उंची ठरवणाऱ्या स्प्रिंग-शॉक अॅब्सॉर्बरच्या यंत्रणेचा, त्यांत उल्लेख नाही.

खरा गुंता पुढेच आहे. याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘फेरफार’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा बदल, ज्यामुळे त्याचे मूळ वैशिष्ट्य बदलते, असे म्हटले आहे. मूळ वैशिष्ट्य कशाला म्हणावे, हे मात्र सांगितलेले नाही. नोंदणी प्रमाणपत्रात व्हीलबेस, रिकामे वजन, आसनसंख्या, इंजिनाची क्षमता यांची नोंद असते, पण ग्राउंड क्लीअरन्सचा रकाना नसतो. शिवाय ‘उंची’ हा एक शब्द तीन वेगळ्या मापांसाठी वापरला जातो. जमिनीपासून छतापर्यंतची एकूण उंची वेगळी, चाकांच्या तुलनेत बॉडी किती वर आहे ती राइड हाइट वेगळी, आणि वाहनाच्या तळाचा सर्वांत खालचा भाग व जमीन यांतील अंतर, म्हणजे ग्राउंड क्लीअरन्स, आणखी वेगळा. मागे अखंड अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा सलग आस) असलेल्या वाहनात उंच स्प्रिंग किंवा स्पेसर (उंची वाढवणारे मधले तुकडे) घातले, तर बॉडी वर जाते, परंतु डिफरन्शियल, म्हणजे अॅक्सलच्या मधोमध खाली आलेली गिअरची पेटी, जिथल्या तिथे राहतो. तो वर उचलायचा तर मोठ्या व्यासाचे टायरच लागतात. नियमांत मर्यादा आहे ती एकूण उंचीला, आणि लिफ्ट किट (उंची वाढवण्यासाठीचा स्प्रिंग, स्पेसर यांसारखा संच) बसवलेली मोटार तिच्या जवळपासही जात नाही.

ही संदिग्धता न्यायालयातही उमटली. एका राज्याच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने राज्याच्या नियमांचा आधार घेऊन रचनात्मक बदलांना वाव दिला होता. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयातील अपिलात तो निर्णय रद्द झाला आणि नियम कायद्याच्या वरचढ ठरू शकत नाहीत, हे स्पष्ट झाले. त्या निकालपत्रात दोन विधाने लागोपाठ येतात. उत्पादकाचे मूळ तपशील बदलतील असा फेरफार करता येणार नाही, हे पहिले. नोंदणी प्रमाणपत्रातील नोंदीसाठी उत्पादकाने दिलेले तपशील बदलता येणार नाहीत, हे दुसरे. पहिल्या विधानाने लिफ्ट किट बेकायदा ठरते; दुसऱ्याने, वजन आणि इतर नोंदी तशाच राहिल्या तर, ते कदाचित ठरत नाही. वृत्तांमध्ये पहिलेच विधान गाजले, आणि दुसऱ्याकडे झालेले दुर्लक्ष योग्य नव्हते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बंधन मुळीच नको, असा याचा अर्थ नव्हे. उंचीबरोबर गुरुत्वमध्य वर सरकतो, वळणावर उलटण्याचा धोका वाढतो आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. म्हणूनच किती मिलिमीटरपर्यंत बदल चालेल, हे आकड्यात लिहिणे आवश्यक होते. करआकारणीत तसा आकडा आला. 2013 मध्ये एसयूव्हींवरील उत्पादन शुल्क 27 वरून 30 टक्के करताना 1500 सीसीपेक्षा मोठे इंजिन, 4000 मिलिमीटरपेक्षा जास्त लांबी आणि 170 मिलिमीटर किंवा अधिक ग्राउंड क्लीअरन्स हे निकष ठरले. हे माप रिकाम्या वाहनाचे धरावे, असा खुलासाही जुलै 2023 मध्ये झाला.

फेरफाराच्या कलमात असे माप आजवर आलेले नाही, शिक्षा मात्र वाढली. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार अनधिकृत फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. उंची वाढवताना स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर आणि टायर असे तिन्ही बदलले, तर तो एक फेरफार धरायचा की तीन, याचा उलगडा त्या कलमाच्या शब्दांतून होत नाही.