वाहता कान आणि कापडाची वात

‘कान वाहतोय ना, वाहू दे. आतली घाण बाहेर पडतेय. बंद केलं तर मेंदूत जाईल.’ हा सल्ला चांगल्या शिकलेल्या घरांतही मिळतो, आणि तो तंतोतंत उलटा आहे. कानाच्या पडद्याला भोक पडून दोन आठवडे किंवा जास्त काळ पू येत राहिला, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला मध्यकर्णाचा जुनाट संसर्ग म्हणते. क्वचित मेंदूपर्यंत संसर्ग पोहोचतो तोही अशाच दुर्लक्षित कानातून.

प्राथमिक आरोग्य केंद्रात यावर साधा उपाय होऊ शकतो: कान कोरडा करणं आणि थेंब घालणं. गंमत म्हणजे रुग्णांना तो उपचार वाटतच नाही. त्यांना गोळी हवी असते, जमलं तर इंजेक्शन.

आता हिशेब बघा. सिप्रोफ्लॉक्सासिन या जिवाणू मारणाऱ्या औषधाची 500 मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर रक्तात त्याचं प्रमाण चढून चढून मिलिलिटरमागे सुमारे अडीच मायक्रोग्रॅम होतं. त्याच औषधाचे 0.3 टक्क्याचे थेंब म्हणजे मिलिलिटरला 3000 मायक्रोग्रॅम! हजारपटीहून जास्त. आणि ही हजारपट लागते. वाहत्या कानात बहुधा स्युडोमोनास किंवा स्टॅफिलोकॉकस हे जिवाणू असतात. ते स्वतःभोवती चिकट थर तयार करून त्यात वस्ती करतात. आतले बरेच जिवाणू सुस्तावलेले असतात, त्यामुळे मोकळ्या जिवाणूला मारणारी मात्रा त्यांना पुरत नाही. प्रयोगशाळेचा ‘औषधाला दाद देत नाही’ हा शेराही सहसा रक्तातल्या प्रमाणावर बेतलेला असतो. त्यामुळे असा शेरा असूनही थेंब लागू पडू शकतात.

मात्र पुवाने भरलेल्या कानात थेंब टाकले तर ते पातळ होतात, वरच्यावर वाहून जातात. म्हणून आधी वात. स्वच्छ सुती कापडाची सुरळी कानात ठेवायची, भिजली की बदलायची, कोरडी बाहेर येईपर्यंत. काडीला गुंडाळलेला कापूस नको. मग थेंब, आणि कानाच्या तोंडाशी असलेला उंचवटा हलके दाबायचा म्हणजे औषध भोकातून आत जातं. हे दिवसातून तीनदा, दोन आठवडे. कोमट तेल, लसणाचं तेल, रस्त्यावरच्या कान साफ करणाऱ्याची सळई यांना इथे अजिबात जागा नाही.

केनियात शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. तिथे औषध घालायचं काम मुलांनीच एकमेकांसाठी केलं. दोन आठवड्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटात 59 टक्के मुलांचा पू थांबला होता, स्पिरिटमधल्या बोरिक ॲसिडच्या गटात 32 टक्के.

पू थांबला म्हणजे भोक बुजलं असं नाही. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला बोळा हवाच, आणि ऐकू कमी येत असेल तर पडद्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारायला हवं. थोडाच पण घाण वासाचा स्राव असेल तर आत हाड कुरतडलं जात असण्याची शक्यता असते. तिथे केवळ थेंबांवर विसंबू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. कानामागे सूज, चक्कर, तीव्र डोकेदुखी किंवा तोंड वाकडं झालं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.