फाल्कनच्या वाटीतलं पाणी

माझे मामा मालवाहू जहाजांवर होते. त्यांच्या ट्रंकेतून तंबाखू ओढायचा एक पाईप निघाला. ॲल्युमिनियमची दांडी, तोंडात धरायला काळ्या नायलॉनचा तुकडा आणि कापडात गुंडाळलेले, तंबाखू भरायचे लाकडाचे दोन जादा बाऊल. तिसरा दांडीवरच घट्ट बसलेला. दांडीच्या टोकाला आटे पाडलेली धातूची उथळ वाटी असते. कुठलाही बाऊल तिच्यात फिरवून बसवायचा. या पाईपचं नाव फाल्कन. अमेरिकेतल्या केन्ली बग यांनी 1930 च्या दशकात तो घडवला, पुढे इंग्लंडमध्ये तो भरपूर खपला. त्याच काळात सिॲटलला फ्रेडरिक कर्स्टन यांनीही ॲल्युमिनियमच्या नळीचा पाईप काढला. ते वॉशिंग्टन विद्यापीठात विमानविद्येचे प्राध्यापक होते आणि तिथला वायुबोगदा, म्हणजे हवेच्या झोतात विमानाचे नमुने तपासायची जागा, आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हवेचा प्रवाह आणि उष्णता यांच्यातच बुडालेल्या माणसाला पाईप सुधारावासा वाटला, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. पाईपमधला मुख्य प्रश्न त्याच विषयातला आहे.

प्रश्न पाण्याचा आहे. तंबाखू जळताना ओल कुठून येते? थोडी पानातच असते, पण बरीचशी जळण्यातूनच तयार होते. वनस्पतीतलं सेल्युलोज पूर्ण जळलं, तर त्याच्या 162 ग्रॅममधून 90 ग्रॅम पाणी होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त. पाईपमध्ये तंबाखू इतका पूर्ण जळत नाही, तरी धूर चांगलाच ओला असतो. साध्या लाकडी पाईपच्या अरुंद भोकात हीच वाफ थंड होते, गुरगुर सुरू होते आणि कडू पाणी जिभेवर येतं.

फाल्कनमध्ये धूर बाऊलच्या तळातून आधी वाटीत उतरतो. जागा मोठी झाल्याने त्याचा वेग मंदावतो, आणि सगळीकडून गार धातू. ॲल्युमिनियम लाकडाच्या सुमारे हजारपट जलद उष्णता वाहून नेतं, त्यामुळे वाटीची उष्णता दांडीतून झटकन हवेत जाते. चहाच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून जसे थेंब धरतात, तसेच इथे धरतात. दांडीत शिरायची वाट तळापेक्षा वर असल्याने पाणी खालीच राहतं. आपल्या हुक्क्यात धूर पाण्यातून नेऊन गार करतात, आणि त्याचीही चिलीम वेगळी काढता येते. इथे पाण्याचं काम कोरडा धातू करतो.

गार धूर म्हणजे निरुपद्रवी धूर नव्हे, हे मला ठामपणे सांगायचं आहे. वाटीत अडकतो तो त्याचा लहानसा हिस्सा. बाकीचा तोंडात आणि घशात जातो, आणि पाईपमुळे तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग होतो. मी स्वतः ओढत नाही. वाटीतल्या त्या काळ्या चिकट पाण्यात निकोटीन असतं आणि ते कातडीतूनही शरीरात शिरतं, म्हणून साफ करताना हातमोजे घालावेत.

निगा काय घ्यायची ते या पाण्यावरूनच ठरतं. पाईप थंड झाला की बाऊल काढायचा, वाटी कागदाने पुसायची, दांडीतून पाईप क्लीनर, म्हणजे केसाळ मऊ तार, फिरवायचा. वाटीत शोषक कागदाची कडी ठेवत असाल तर तीही बदलायची. वापरलेला बाऊल दिवसभर सुकू द्यायचा. दोन-तीन बाऊल जवळ ठेवायचं खरं कारण हेच. आतल्या भिंतीवर कोळशाचा पातळ थर राहू द्यावा, तो लाकडाला आचेपासून वाचवतो. जाड झाला की मात्र खरवडावा, कारण तो लाकडापेक्षा जास्त प्रसरण पावून बाऊल तडकवू शकतो.

पण सगळ्यात नाजूक जागा आट्यांची. वाटीचे आटे धातूचे, बाऊलचे लाकडाचे. दोन सेंटिमीटर रुंदीचं ॲल्युमिनियम 50 अंशांनी तापलं, तर मिलिमीटरच्या जेमतेम चाळिसाव्या भागाने वाढतं. तेवढंच लाकूड ओल पिऊन नुसतं एक टक्का फुगलं, तरी मिलिमीटरचा पाचवा भाग वाढतो, जवळजवळ नऊपट. म्हणून वापरून लगेच, गरम आणि ओला असताना बाऊल पिळू नये. जोर केला की लाकडाचे आटे मरतात, आणि मग तो बाऊल कुठल्याही दांडीला उपयोगाचा राहत नाही. बसवतानाही हाताला पक्का लागला की थांबावं.

दांडी धुताना माझ्याकडून चूक झाली. धुण्याचा सोडा वापरला आणि चकचकीत ॲल्युमिनियम काळवंडलं. सोड्यातला अल्कली धातूवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर खातो. घरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यांचंही असंच होतं. स्पिरिटचा बोळा पुरला असता.

दांडीवरचा तो बाऊल काही हलेना. जुना चीक सुकून डिंकासारखा झालेला आणि वर कोकणातला पावसाळा, लाकूड फुगलेलं. पकड लावायचा मोह आवरला. पाईप ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद केला आणि रोज एकदा हाताने हलकेच फिरवून पाहिलं. नवव्या दिवशी कट् असा बारीक आवाज झाला आणि बाऊल सुटला. आटे सगळे शाबूत होते. त्यांना मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं, आता तो बोटांच्या चिमटीत फिरतो.