सिस्टीन आणि सिस्टिन: फरक वेलांटीचा आणि दोन इलेक्ट्रॉनांचा

या दोन अमिनो आम्लांची नावं इतकी सारखी आहेत की अहवालातही अदलाबदल होते. आधी सापडलं ते ऱ्हस्व वेलांटीचं सिस्टिन. 1810 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ वोलॅस्टन यांना ते मूत्राशयातल्या खड्यात मिळालं, आणि मूत्राशयाच्या ग्रीक शब्दावरूनच पुढे त्याला हे नाव पडलं. दीर्घ वेलांटीचं सिस्टीन म्हणजे त्याचा अर्धा भाग: गंधकावर एक हायड्रोजन असलेला, म्हणजे थायॉल. दोन सिस्टीन दोन हायड्रोजन आणि दोन इलेक्ट्रॉन सोडून गंधकाला गंधक जोडतात, की झालं सिस्टिन.

इलेक्ट्रोडला हा फरक लगेच कळतो. सोन्याच्या घासून चकचकीत केलेल्या चकतीवर पाऱ्याचा थेंब ठेवायचा, काही मिनिटांनी जास्तीचा पारा कार्डाच्या कडेने निपटून काढायचा आणि चकती रात्रभर तशीच ठेवायची. पिवळा रंग जाऊन करडा, रुपेरी थर दिसतो. या अमाल्गमवर (सोनं-पाऱ्याच्या मिश्रधातूवर) सिल्व्हर क्लोराईडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या, म्हणजे व्होल्टेज ज्याच्यापासून मोजतात त्या इलेक्ट्रोडच्या, तुलनेत जेमतेम +0.15 व्होल्ट दिले, तरी सिस्टीनचा विद्युतप्रवाह मिळतो. गंमत अशी की इथे ऑक्सिडेशन सिस्टीनचं होत नाही, पाऱ्याचं होतं. थायॉल त्या पाऱ्याला बांधून घेतं. म्हणून तर इतक्या कमी व्होल्टेजवर भागतं आणि नमुन्यातले बाकीचे बरेचसे पदार्थ शांत राहतात.

सिस्टिनकडे बांधायला मोकळं थायॉलच नाही. विद्युतप्रवाहाच्या आलेखाची रेष सपाट येते, आणि ती पाहून ‘नमुन्यात सिस्टिन नाही’ असं लिहिणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. सिस्टिन दिसण्यासाठी वाहत्या द्रावणाच्या वाटेवर आधी आणखी एक अमाल्गम इलेक्ट्रोड लागतो, साधारण −1.0 व्होल्टवर. तो गंधकांमधला बंध तोडतो आणि पुढच्या इलेक्ट्रोडला सिस्टीन दिसतं. पहिला इलेक्ट्रोड बंद करून नमुना पुन्हा सोडा. आलेखावरचं जे शिखर नाहीसं होईल ते सिस्टिनचं. मात्र −1.0 व्होल्टवर विरघळलेला ऑक्सिजनही प्रवाह देतो, त्यामुळे द्रावणातून हेलियम सोडून तो आधी हाकलावा लागतो.

नुसत्या सोन्यावर दोघंही गंधकाने चिकटून बसतात आणि पृष्ठभाग मंदावतो. त्यामुळे तिथे व्होल्टेजचे ठोके देतात: एक मोजायला, बाकीचे पृष्ठभाग धुऊन काढायला. या पद्धतीत दोन्ही दिसतात, पण वेगळं ओळखायचं काम कॉलमवर, म्हणजे इलेक्ट्रोडच्या आधी घटक वेगळे करणाऱ्या नळीवर, येतं.

इलेक्ट्रोडपर्यंत पोचण्याआधीच घोटाळा होतो तो वेगळाच. हवेत, आणि तांबं-लोखंडाचा अंश असला तर आणखी भराभर, सिस्टीनचं सिस्टिन होत जातं. त्यामुळे नमुना आम्लधर्मी ठेवतात, धातूंचे अंश बांधून ठेवणारं ईडीटीए घालतात, थंड ठेवतात आणि शक्य तितक्या लवकर मोजतात.