कोटावरचं लाल पॉपीचं फूल कुठून आलं

पॉपी म्हटलं की आपल्याला खसखस आणि अफू आठवते. नोव्हेंबरात ब्रिटन-कॅनडात युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कोटावर लावलेलं दिसणारं लाल फूल त्याच कुळातलं, पण जात वेगळी. ते युरोपातल्या गव्हाच्या शेतातलं तण. त्यातून अफू निघत नाही. त्याचं बी मातीत कित्येक वर्षं निपचित पडून राहतं आणि जमीन उकरली जाऊन उजेड लागला की रुजतं. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या ईप्र भागात तोफगोळ्यांनी आणि कबरींच्या खोदकामाने नेमकं हेच केलं. बाकी काही उगवत नव्हतं तिथे पॉपी फुलली.

मे 1915 मध्ये मित्राच्या मृत्यूनंतर कॅनडाचे लष्करी डॉक्टर जॉन मॅक्रे यांनी याच फुलांवर कविता लिहिली. ती वाचून अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या शिक्षिका मोइना मायकेल यांनी 9 नोव्हेंबर 1918 रोजी, युद्धविरामाच्या दोन दिवस आधी, न्यूयॉर्कमध्ये रेशमी पॉपी विकत घेतल्या: एक मोठी आणि दोन डझन छोट्या. एक स्वतः लावली, बाकीच्या वाटल्या. म्हणजे फूल लावण्याची कल्पना अमेरिकेची. पण फुलं विकून निधी उभारण्याची पद्धत देशोदेशी नेली ती फ्रान्सच्या अ‍ॅना गेराँ यांनी. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या भागातल्या विधवा आणि मुलांकडून त्या कापडी फुलं करून घेत. त्यांचं नाव मागे पडलं, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

ब्रिटनमध्ये 11 नोव्हेंबर 1921 ला पहिली विक्री झाली. 90 लाख फुलं संपली आणि 1,06,000 पौंड जमले. न्यूझीलंडची फुलं घेऊन निघालेलं जहाज मात्र उशिरा पोहोचलं. तिथे विक्री 24 एप्रिल 1922 ला, म्हणजे अ‍ॅन्झॅक दिनाच्या (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या) आदल्या दिवशी करावी लागली, आणि तो एप्रिल कायमचा झाला. अमेरिकेत पॉपी मेअखेरच्या मेमोरियल डेला, म्हणजे तिथल्या सैनिकांच्या स्मरणदिनाला लावतात. त्यामुळे ‘पॉपी म्हणजे नोव्हेंबर’ हे सगळीकडे लागू नाही.

फुलाचा आकार ठरला तो ते बनवणाऱ्यांच्या हातांवरून. 1922 मध्ये मेजर जॉर्ज हॉवसन यांनी लंडनच्या ओल्ड केंट रोडवर पाच अपंग माजी सैनिकांना घेऊन कारखाना सुरू केला. हात गमावलेल्या माणसालाही जोडता यावं म्हणून भाग मोजके ठेवले: लाल पाकळ्या, काळं बटण, हिरवा देठ. इंग्लंडच्या फुलाला दोन पाकळ्या आणि एक पान असतं. स्कॉटलंडच्या फुलाला चार पाकळ्या असतात, पान नसतं. बटणावर 1994 पर्यंत ‘हेग फंड’ (ब्रिटिश सेनापती हेग यांच्या नावाचा निधी) अशी अक्षरं असत. 2023 पासून ब्रिटनमध्ये प्लास्टिक नसलेलं पूर्ण कागदी फूलही मिळतं.

लावायचं कसं? कॅनडात डाव्या बाजूला, हृदयाजवळ, ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारपासून 11 नोव्हेंबरपर्यंत. फुलं हरवतात ती बहुधा टाचणीमुळे. ती कापडात एकदाच खुपसली की चालताना निसटते. म्हणून आत-बाहेर-आत अशी दोनदा ओवावी. फूल झाकणारा बिल्ला त्यावर लावू नये.

पांढरी पॉपी 1933 ची. ब्रिटनच्या सहकारी चळवळीतल्या महिला संघाने ती युद्धविरोधाची खूण म्हणून आणली. फ्रान्सचं स्मरणफूल तर वेगळंच, निळं.

पहिल्या महायुद्धात 10 लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर त्यांतली 4,700 हून अधिक नावं कोरलेली आहेत. 2018 मध्ये ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी खादीची पॉपी निघाली. मराठा पलटणी मात्र मोठ्या संख्येने लढल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सहाव्या पुणे डिव्हिजनमधून गेलेले मराठे तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकले आणि एप्रिल 1916 मध्ये शरणागतीनंतर कैदेत गेले. बेल्जियमच्या शेतातलं फूल त्यांच्या रणभूमीचं नव्हतं. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या लष्करी अभ्यास संस्थेने भारतीय सैनिकांच्या स्मरणासाठी झेंडू सुचवला आहे. तो कुठेही मिळतो, आणि त्याचा केशरी रंग आपल्याकडे शौर्य आणि त्यागाचा मानला जातो.